चौथा कागद

रजेवरून परत आल्यापासून सगळे माझ्याशी फार चांगलं वागत होते. मला तेच खटकत होतं.

साडेसातचं प्रॅक्टिकल माझ्या नावावरून हर्षल सरांच्या नावावर गेलं होतं. "मॅडम, तुम्ही निवांत दहाला या," ते म्हणाले. विभागाची बैठक झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं, तर सर म्हणाले, "अगं, तुला कशाला त्रास द्यायचा? पोर लहान आहे."

सर म्हणजे गोरक्ष सर, आमच्या वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख आणि माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. माझ्या मुलीच्या, आरोहीच्या, बारशाला चांदीचे वाळे घेऊन आले होते, स्वतःच्या हाताने तिच्या पायात घातले होते. तीस जूनला ते निवृत्त होणार होते. ज्येष्ठता यादीत त्यांच्याखाली माझं नाव, माझ्याखाली हर्षल सरांचं. गंगापूर रोडवर कॉलेज उभं राहिल्यापासून आमच्या विभागाला बाई प्रमुख झालेली नाही.

मला ती खुर्ची हवी होती, असं सरळ म्हणायला अजूनही जीभ अडखळते. पण हवी होती. आमच्याकडे ऊतीसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, एक खोली आहे, चार वर्षं कुलूपबंद. चावी प्रमुखांच्या खणात. दर वर्षी मी मागायचे आणि सर म्हणायचे, "बघू." आरोही पोटात असताना मी त्या दारासमोरून जाताना मनातल्या मनात तिला सांगायचे, जूनमध्ये उघडू हं आपण.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी हजर झाल्याचा राहून गेलेला अर्ज द्यायला ऑफिसात गेले. क्लार्कनी शिक्का मारता मारता म्हटलं, "प्रमुखपद सोडलंत ते बरं केलंत मॅडम. घर आधी. आमच्या हिला मी हेच सांगतो."

"कोणी सोडलं?"

"तुम्हीच की. पत्र आहे ना फाइलला."

मी फाइल मागितली. त्यांनी जरा कुरकुर केली, पण दिली. बारा मार्चचं पत्र. 'लहान मुलीच्या संगोपनामुळे विभागप्रमुखपद स्वीकारण्यास मी असमर्थ आहे. ज्येष्ठतेनुसार पुढील व्यक्तीस ते देण्यास माझी हरकत नाही.' खाली माझी सही. खोटी नव्हे, माझीच. 'योगिनी'तल्या 'यो'ची काठी मी जशी खाली ओढते तशीच ओढलेली.

मी तो कागद पुन्हा नीट पाहिला. दोन वाक्यांचं पत्र, पण अख्ख्या पानभर पसरलेलं. प्रत्येक ओळीनंतर मोठी जागा सोडलेली, कारण सही पार तळाला होती आणि मजकूर ओढून ओढून तिच्यापर्यंत आणावा लागला होता. इतक्या खाली मी एकाच प्रकारच्या कागदावर सही करते.

कोऱ्या.

आमच्या विभागात ही जुनीच पद्धत आहे. कुणी लांब रजेवर जाणार असेल तर त्याने प्रयोगशाळेच्या लताबाईंकडे चार-पाच कोरे कागद सही करून ठेवायचे. रसायनांची मागणी अडायला नको. वर यादी टाइप होते, म्हणून सही तळाला. नोव्हेंबरच्या शेवटी, सुजलेल्या पायांनी स्टुलावर बसून, मीही चार कागदांवर सह्या केल्या होत्या. कुणी काही म्हणालं असतं तर मी हसले असते. सगळेच करतात.

जिन्यात हर्षल सर भेटले. हातात जांभळांची पिशवी. "मॅडम, घ्या ना."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? आपल्या बागेतल्या झाडाची आहेत."

"मला वाटलं, पेढ्यांऐवजी."

त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, पत्र तुम्ही दिलंत म्हणून सांगितलं मला. मी कशाला मध्ये बोलू?" मग हळूच म्हणाले, "नाही दिलंत का?"

माणूस खरं बोलतोय की खरं बोलल्यासारखं करतोय, हे ओळखायला मी इतकी वर्षं कधी शिकलेच नव्हते. जांभळं मात्र घेतली नाहीत.

लताबाई चंचुपात्रं धूत होत्या. मी मागणी रजिस्टर उघडलं. अगर पावडर एकदा, अ‍ॅसिटोन एकदा, काचपट्ट्या एकदा. तीन मागण्या, तीन कागद.

"लताबाई, चौथा?"

त्यांनी नळ बंद केला. "सरांनी नेला ना मॅडम. मोठ्या सरांनी. मार्चात. मॅडमचंच काम हाय म्हणले." माझा चेहरा बघून त्यांनी पदराला हात पुसले. "का हो? माझं काय चुकलं का?"

"नाही. माझं चुकलं."

जिन्यात जांभळांवरून मारलेल्या टोमण्याची मला तेव्हा लाज वाटली. पण हर्षल सरांवरून उठलेला संशय सरांवर बसायला तयार होईना. आरोहीच्या पायात वाळे घालणारा तो हात मला दिसत होता.

केबिनमध्ये सर पुस्तकं खोक्यात भरत होते. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही.

"बस," ते म्हणाले. "रागावलीस?"

"सर, तुम्ही माझ्या सहीवर पत्र लिहिलंत."

"तुझ्यासाठीच लिहिलं. कॉलेजच्या मूल्यांकनाला नॅकची समिती येणार आहे डिसेंबरात. रात्रंदिवस फाइली. सहा महिन्यांचं लेकरू टाकून तू हे करणार? आणि कमी पडलीस तर लोक काय म्हणतील? बाईला दिलं म्हणून असं झालं. दोन वर्षांनी घे की. हर्षल काय खुर्ची खाणार आहे?"

"मला विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली नसतीस. तुला नाही म्हणताच येत नाही, तोच तर घोळ आहे." ते हसले, अगदी मायेने. "आणि मी घरी विचारलं होतं बरं का. जीवनरावांना फोन केला होता. ते म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा सर."

घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. जीवन माझा नवरा. ओझरच्या विमान कारखान्यात फर्स्ट शिफ्टला जातो, तीनला परत येतो. आला की आधी आरोहीच्या तळपायांना फुंकर घालतो. मार्चपासून रोज तो ते करत होता आणि मला काही बोलला नव्हता.

तो आंघोळीला गेला होता. सासूबाई आरोहीला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होत्या. त्या सायखेड्याहून बाळंतपणाला आल्या त्या इथेच राहिल्या.

"आई, मार्चमध्ये माझ्या सरांचा फोन आलेला तुम्हाला माहीत आहे?"

"आल्ता. जीवन गॅलरीत बोलत व्हता." त्यांनी आरोहीची हनुवटी पुसली. "मी म्हणलं, तिला सांग. तर म्हणला, ती दमलीय, कशाला सांगू. मला वाटलं, सांगितलं असंल मागून."

"तुम्हालाही वाटतं का मला झेपणार नाही?"

"मला काय ठावं तुझ्या कालेजातलं? जीवन तीन म्हैन्यांचा व्हता तवा द्राक्षाची छाटणी आली. झोळी बांधली बांधावरच्या झाडाला अन् गेले. तवा नाय कोणी ईचारलं झेपंल का म्हणून." मग बोटावरचा भात आरोहीला चाटवत म्हणाल्या, "लय काळजी करत्यात आता."

जीवन टॉवेलने केस पुसत बाहेर आला आणि माझा चेहरा बघून थांबला.

"सरांना काय म्हणालास तू?"

त्याला लगेच कळलं. म्हणजे विसरला नव्हता. "योगिनी, तू तेव्हा रात्री जेमतेम तीन तास झोपत होतीस. मला वाटलं, ते तुझे सरच आहेत. ते काय वाईट करणार?"

"वाईट नाही केलं. माझ्यावाचून केलं."

तो काहीतरी बोलणार होता. मी आरोहीला उचललं आणि आत गेले. ती माझ्या खांद्यावर तोंड घासत होती, भाताचा वास येत होता. मला वाटलं, या घरात आता मी कशाकशाच्या मागे बघत बसणार आहे?

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्या दीपमाला मॅडमकडे गेले. त्यांनी पत्र उजेडात धरून पाहिलं आणि त्या पसरट ओळींवरून बोट फिरवलं.

"सोपा मार्ग सांगू?" त्या म्हणाल्या. "पत्र मागे घेते असं लिहून द्या. तुमची ज्येष्ठता आहेच. पदभार मिळेल. सरांची निवृत्ती नीट पार पडेल."

मला मोह झाला. पण सही करणारी मी, देणारी मी, मागे घेणारीही मी. मग सरांनी काहीच केलं नव्हतं. हे एकदा फाइलला लागलं की पुढच्या रजेवर जाणाऱ्या मुलीचंही असंच एक पत्र निघेल.

"मॅडम, मी दिलंच नाही तर मागे कसं घेऊ?"

"मग कोऱ्या कागदावर सही केल्याचं तुम्हालाही कबूल करावं लागेल. तुम्हालाही मेमो निघेल. पहिल्याच महिन्यात, प्रमुख म्हणून."

"निघू दे."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. त्या माझ्या बाजूच्या आहेत की मला तोलून बघताहेत, मला ठरवता येईना. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी हाताने लिहिलं. चार कागदांचं, रजिस्टरचं, फोनचं, सगळं. शेवटी लिहिलं, 'विभागप्रमुखपद स्वीकारण्यास मी तयार आहे.' सही ओळीला चिकटून केली, मध्ये बोटभरही जागा सोडली नाही. आवक क्रमांक पडला, माझ्या प्रतीवर शिक्का बसला, तोपर्यंत मी क्लार्कच्या टेबलापासून हलले नाही.

जिन्यात सर दिसले. त्यांना कळलं होतं. "आरोही कशी आहे?" त्यांनी विचारलं. "बरी आहे," मी म्हणाले. वाळे आता तिला लहान होत होते, ते मी सांगितलं नाही.

तीनला जीवन आला. आरोहीच्या पायांना फुंकर घालायच्या आधी त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर धरला. शिफ्ट बदलून मिळण्याचा अर्ज. एक जुलैपासून दुपारची, म्हणजे सकाळी आरोहीजवळ तो राहणार, आई आणि तो.

"उद्या देतो," तो म्हणाला. "आधी तू वाच."

मी वाचला. तारीख बघितली. कारणाच्या रकान्यात त्याने 'पत्नीची नवी जबाबदारी' लिहिलं होतं. मी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला, खालची सहीसुद्धा, आणि मग आरोहीला त्याच्याकडे दिलं.