सहा आठवड्यांच्या वेण्या

"टाके दाखवा की म्याडम. आमी काय परके हाव का?"

शेजारच्या द्वारकाबाईंनी बिस्किटाचा पुडा माझ्या उशाशी ठेवला आणि थेट मुद्द्याला हात घातला. गोरेगावात, म्हणजे आमच्या खेड्यात, आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे नुसतं 'बरं हाय का' विचारून भागत नाही. जखम बघावी लागते, तिला नावं ठेवावी लागतात आणि आपल्या नणंदेची जखम हिच्यापेक्षा कशी मोठी होती, हे सांगावं लागतं.

"डॉक्टरांनी उघडायला मनाई केलीय," मी म्हणाले आणि चादर पोटावर ओढून घेतली. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, असं मी गावभर सांगितलं होतं. माझं अपेंडिक्स जागच्या जागी होतं. अजूनही आहे.

खरं काय ते असं. माझ्या छातीची उजवी बाजू जन्मापासून वाढलीच नाही. वयात आल्यापासून मी त्या बाजूला घडी घातलेला रुमाल ठेवत आले होते. शिक्षिका झाले, सेनगाव तालुक्यातल्या या हायस्कुलात लागले आणि फळ्यावर लिहायला हात वर केला की रुमाल सरकू लागला. म्हणून मी पोक काढून चालायचे. एकदा आठवीच्या वर्गात तो खाली पडला. आकांक्षा नावाच्या गुणी मुलीने तो उचलून माझ्या हातात दिला. "बाई, तुमचा रुमाल." तिला बिचारीला काहीच कळलं नव्हतं. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच महिन्यात मी धाकट्या बहिणीला, शीतलला सांगितलं. ती औरंगाबादला नर्स होती. तिने डॉक्टर शोधला. आत सिलिकॉनची पिशवी बसवली की दोन्ही बाजू सारख्या दिसतील, असं डॉक्टर म्हणाले. दोन हजार तीनची दिवाळी होती. लोक फराळ करत होते आणि मी ऑपरेशन करून घेतलं. लग्नाबिग्नासाठी नव्हे हो. मला फक्त फळ्याच्या वरच्या टोकाला तारीख लिहायची होती.

दहाव्या दिवशी परत आले. सेनगावहून जीपमध्ये बसले तर प्रत्येक खड्ड्याला जीव कंठाशी. कपड्यांची थैली छातीशी धरून बसले, तर छातीलाच लागायची. शीतलने कागदावर सगळं लिहून दिलं होतं. पाठीवर झोपायचं, दोन उशा घेऊन. घट्ट पट्टा काढायचा नाही. बादली उचलायची नाही. सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. छातीवर कोणी पाटा ठेवलाय, असं वाटायचं. कातडी एका जागी बधिर, चिमटा काढला तरी कळू नये, आणि मधूनच सणकन मुंग्या. त्यात नवी बाजू जुनीपेक्षा दोन बोटं वर बसलेली! आरशात बघून मी भोकाड पसरलं. एसटीडी बूथवरून शीतलला फोन लावला. बूथवाला कान टवकारून बसलेला, म्हणून एवढंच म्हणाले, "अगं, ते वरच आहे."

"सूज आहे ती. दोन-तीन महिन्यांत खाली बसेल. डॉक्टर सांगत होते तेव्हा कानात बोळे घातले होतेस का?"

पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. माझे केस कमरेपर्यंत. हात वर जाईनात, तर वेणी घालायची कशी? पहिल्या सकाळी खाटेवर केस मोकळे सोडून बसले होते, तेवढ्यात धुरपतामावशी पाण्याची बादली घेऊन आत आली.

मावशी आमच्या शाळेची शिपाई, माझं पाणीही तीच भरायची. नवरा संतराम शाळेत शिपाई होता. तो वारल्यावर त्याच्या जागेवर लागली. स्वभावाने खणखणीत, पण तोंडात तीळ भिजत नाही अशी ख्याती. हेडमास्तरांच्या घरी सकाळी भांडण झालं की पहिल्या तासाला अख्ख्या शाळेला ठाऊक. गावात मला कोणाची भीती होती, तर हिचीच.

तिने माझ्याकडे पाहिलं. कोपरं अंगाशी चिकटवून बसले होते मी. काही न विचारता तिने कोनाड्यातला कंगवा घेतला, वाटीत तेल ओतलं आणि माझ्यामागे येऊन बसली.

"सरळ बसा म्याडम. एवढं पोक काहून काढून राहिल्या?"

मग रोजच हे सुरू झालं. सकाळी पाणी, मग वेणी, आणि वेणी घालता घालता गावच्या बातम्या. आणि रोज एकदा "सरळ बसा".

एका सकाळी खिडकीखालच्या हापश्यावर बायांचा आवाज आला. द्वारकाबाई विचारत होत्या, "धुरपता, तू रोज जातीस. म्याडमचे टाके पाह्यले का?"

मी खिडकीआड सरकले.

"पाह्यले म्हंजे? उजव्या कुशीला, चार बोटं! काळ्या दोऱ्यानं शिवलंय, गोणीचं तोंड शिवावं तसं. मला तर घेरी आली."

मी थक्क. मावशीने माझं पोट कधीच पाहिलं नव्हतं. तिखटमीठ लावायची खोडच बाईची, मी मनात म्हटलं, पण या खोडीने मला वाचवलं. त्या दिवसापासून टाके बघायला कोणी आलं नाही.

शाळा सुरू झाली. मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहू लागले. हेडमास्तर हरिचंद सर एकदा वर्गात डोकावले. "काय म्याडम, वरचा फळा भाड्यानं दिला का?" पोरं खदखदली. घंटा द्यायला निघालेली मावशी दारातूनच कडाडली, "सर, त्याईच्या पोटाला ताण येते! मागच्या बाकावरच्यायला दिसत नसंल तर म्होरं बसवा." सर पुढच्या वर्गाकडे वळले.

सहा आठवडे झाले. औरंगाबादला डॉक्टरांनी तपासलं. सूज ओसरत आली होती. "हात वर करा." मी केले. सुरुवातीला आत ताणल्यासारखं झालं, मग सहज गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मी वेणी घातली, ब्लाउज घातला, आरशासमोर उभी राहिले. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. रुमाल हातात होता, नुसता घाम पुसायला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मावशी दारात आली. हातात तेलाची वाटी, कंबरेला कंगवा खोचलेला. तिने माझी वेणी पाहिली.

"झाली व्हय, तुमची तुमालाच?"

"झाली."

"बरं झालं मग." तिने वाटी पदराआड घेतली.

मला राहवेना. "मावशी, ते अपेंडिक्स नव्हतं."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिसापासून. माह्या धन्याचं झालतं की अपेंडिक. पोट धरून वाकायचा, पर हात वर करून फेटा बराबर बांधायचा. तुमचे तर हातच वर जात न्हवते."

"मग गावाला टाके सांगितलेत ते?"

"तुमी सांगितलं तेच म्या सांगितलं. लोकाईला पटावं म्हणून थोडे टाके जास्तीचे घातले." ती हसली. नवऱ्याचं नाव निघालं की तिचा आवाज जरा खाली यायचा, तसा आला. "त्याचे टाके तसेच व्हते. काळ्या दोऱ्याचे."

"मला काय झालं होतं, ते विचारलंही नाहीत कधी?"

"ते तुमचं व्हतं म्याडम. येणी तेवढी माही व्हती."

एवढं बोलून ती पाठमोरी झाली. ज्या बाईच्या धाकाने मी एवढे आठवडे जीव मुठीत धरून काढले, तीच माझ्या दारावर राखणीला बसली होती. माझे डोळे भरून आले. मी रिबीन ओढली, वेणी सोडली आणि पाट मांडून बसले.

"मावशी, भांग वाकडा आलाय. तुम्हीच घाला."

ती माघारी आली. वाटी खाली ठेवली. तेलाचं बोट भांगात फिरलं, कंगवा लागला, तीन पेड पडले. गावातल्या कुणा सेवाच्या म्हशीला रेडी झाल्याची बातमी तिने सांगायला घेतली.

'सरळ बसा' तेवढं त्या दिवशी तिला म्हणावं लागलं नाही.