हापशातले तीर्थ

“थेंब तरी आला का? नीट बघून सांगा, ताई. मागाहून म्हणाल, महाराजांनी हातचलाखी केली!”

रांगेत पहिल्या असलेल्या बाईंनी लोखंडी हापसा वीसेक वेळा हापसला. आतून खोकल्यासारखी कोरडी घरघर आली, पाणी आले नाही. राखीव जंगलातल्या त्या डोंगरावर, लाकडी केबिनच्या अंगणात, दोनशे माणसे श्वास रोखून उभी होती.

पांढरी कफनी घातलेले महाराज पुढे झाले. “कोरडं लोखंड! आजारी माणूसही असाच. डॉक्टर त्यात औषध ओततात, आम्ही श्रद्धा ओततो. फरक बघा!” त्यांनी तांब्यातले ‘मंत्रजल’ हापशाच्या तोंडात ओतले, डोळे मिटून काही पुटपुटले आणि दांड्याला हात घातला. पाचव्या हिसक्याला मनगटाएवढी धार उसळली.

“पाझर फुटला!” लोक रडू लागले, बाटल्या घेऊन एकमेकांच्या अंगावर पडू लागले. या पाण्याने मधुमेह जातो, गाठी विरघळतात, फिट्स थांबतात, असे शिष्य ओरडून सांगत होता.

“सुनेचा स्वभावही सुधारतो म्हणे,” माझ्या शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुजबुजले. “पण मी दोन बाटल्या पाजल्या, काही फरक नाही.”

मला हसू आले नाही. दोन महिन्यांपूर्वी माझी धाकटी बहीण याच अंगणात उभी होती. महाराजांनी पुढे केलेल्या ‘त्यागाच्या टोपलीत’ तिने आपले इन्सुलिन टाकले आणि हे पाणी पिऊन ती घरी गेली. चौथ्या दिवशी ती वारली. आता तिच्या मुलीची पाळी होती. माझी भाची एकोणीस वर्षांची. लहानपणापासून तिलाही इन्सुलिन लागते.

“पुढच्या रविवारी हिचा त्याग,” मेहुणे मला म्हणाले. “दादा, तुम्ही याल ना?”

“येणार तर!” मी म्हणालो. मी सन्मार्गाला लागलो असे वाटून त्यांचे डोळे भरून आले.

तंत्रनिकेतनात आमचे पहिले गुरुजी सांगत, की यंत्र कधी खोटे बोलत नाही. बोलतो तो त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस. म्हणून मी महाराजांकडे न पाहता हापशाकडे पाहत राहिलो. गर्दी पांगली, तेव्हा शिष्याने दांडा पार वरपर्यंत उचलला आणि डोळे मिटून क्षणभर तसाच धरला. भक्तांना तो नमस्कार वाटला. मला मात्र लोखंडाच्या पोटात पाणी घळघळत खाली उतरल्याचा आवाज ऐकू आला.

सोमवारी मी वनखात्याच्या कचेरीत गेलो. ही केबिन कोणालाही भाड्याने मिळते.

“बुधवार ते शनिवार मोकळी आहे,” खिडकीमागच्या कारकूनबाई म्हणाल्या. “रविवार विचारू नका, ते महाराजांनी वर्षभराचे धरून ठेवलेत. वीज नाही. लाकडं स्वतः फोडायची. उंदीर खात्याचे आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही.” किल्लीबरोबर त्यांनी सूचनांचा एक कागद पुढे सरकवला.

“हा भिंतीवर लावलेला नसतो का?”

“तीनदा स्क्रू मारून लावला. तीनदा कोणीतरी उपटून नेला.”

कागदावर लिहिले होते: ‘हापसा सुरू करताना वरून तांब्याभर पाणी ओतावे. आतला चामड्याचा वॉशर भिजून फुगल्याशिवाय पाणी वर खेचले जात नाही. जाताना दांडा पूर्ण वर उचलून आतले पाणी विहिरीत सोडून द्यावे. अन्यथा ते आत साचून हापसा गंजतो. पुढील मुक्कामींसाठी पाण्याचा कॅन भरून ठेवावा.’

“बाई, हे तुम्ही लोकांना सांगत का नाही?”

“विचारलं तर सांगू ना! तीर्थाला येणारा माणूस या खिडकीशी येतोच कुठे?”

त्याच संध्याकाळी मी तो कागद मेहुण्यांना दाखवला. “कागद सरकारी आहे, दादा,” ते शांतपणे म्हणाले. “सरकारला चमत्कारातलं काय कळतं?”

मग मी कागद घडी करून ठेवला. खरे सांगायचे तर केवळ मेहुण्यांना पटवून माझे समाधान होणारही नव्हते. माझ्या बहिणीने ज्या अंगणात मान झुकवली, तिथेच त्या माणसाची मान खाली गेलेली मला पाहायची होती.

शुक्रवारी मी हापसा उघडला. वॉशरच्या कडा झिजल्या होत्या. तो बदलण्याची परवानगी मी कचेरीतून रीतसर लेखी घेतली, मुदत रविवारपर्यंतची. जुना वॉशर काढला, नवा मुद्दाम बसवला नाही, आणि बोल्ट पुन्हा आवळून टाकले.

रविवारी अंगण फुलून गेले होते. टोपलीसमोर पहिली उभी होती ती माझी भाची, हातात इन्सुलिनचा डबा घेऊन. “मामा, भीती वाटते,” ती म्हणाली. “पण पप्पा रोज रडतात.”

“डबा अजून टाकू नकोस. आधी पाझर बघू.”

एका भक्ताने हापसून कोरडेपणाची ग्वाही दिली. महाराजांनी तांब्या ओतला, पुटपुटले आणि हापसू लागले. दहा हिसके झाले, तीस झाले. त्यांनी दुसरा तांब्या ओतला. कपाळावरून घाम मात्र धारेने वाहू लागला.

“निदान एका ठिकाणी तरी पाझर फुटला,” पोस्टमास्तर म्हणाले.

महाराज गर्जले, “या जमावात एक पापी आहे! त्यानं माझी शक्ती बांधली आहे!”

“आहे,” मी पुढे झालो. “शक्ती माझ्या खिशात आहे.” मी जुना वॉशर सर्वांना दिसेल असा उंच धरला. “हीच ती. खात्याच्या परवानगीने काढली आहे.”

शिष्य धावून आला, पण पोस्टमास्तरांनी काठी आडवी घातली. मी पान्याने बोल्ट सैल केले, तेलात भिजवलेला नवा वॉशर बसवला आणि ओसरीवरची बादली उचलली.

“अहो, ते फरशी पुसलेलं पाणी आहे!” शिष्य किंचाळला.

“म्हणून तर घेतलं.” ते काळे पाणी मी हापशात ओतले आणि मोठ्याने मंत्र म्हणू लागलो. “एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!” धार उसळली. मग सगळे अंगण हसले.

मी दांडा वर उचलून पाणी विहिरीत सोडून दिले. “महाराज, आता ओतायचं काही नाही. नुसत्या मंत्राने काढा.”

“शक्तीची परीक्षा घ्यायची नसते.”

“मग हे वाचा.” मी कागद त्यांच्या हाती दिला. “मोठ्याने. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे.”

ते कुजबुजत वाचू लागले. मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते मध्येच थांबले, तेव्हा गर्दीतूनच लोक ओरडू लागले, “वाचा! वाचा!”

भाचीने विचारले, “माझ्या आईला तुम्ही हेच पाणी दिलंत ना?”

“तिची श्रद्धा कमी पडली, बेटा.”

“तिला इन्सुलिन कमी पडलं,” मी म्हणालो.

“मी कोणालाही औषध सोडायला सांगितलेलं नाही!” महाराज घाईघाईने म्हणाले.

तेव्हा मेहुणे गर्दीतून पुढे आले. “सांगितलंत. मी तिच्या शेजारी होतो. तिचा हात थरथरत होता, म्हणून डबा मीच टोपलीत टाकला.” भाची केबिनच्या पायरीवर बसली, तिने डबा उघडला आणि सर्वांच्या देखत इंजेक्शन टोचून घेतले.

दुपारी पोलीस ठाण्यात मेहुण्यांनी फिर्याद दिली. त्यात स्वतःच्या हाताचा दोषही लिहून दिला. साक्षीला चौदा जण उभे राहिले. महाराज आता कोठडीत आहेत. त्यांची दया येत नाही का, असे लोक मला विचारतात. नाही येत.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो उघडून पाहू द्या, असे म्हणा. खऱ्याला उघडण्याची भीती नसते. डॉक्टरांना विचारल्यावाचून एक गोळीदेखील सोडू नका. आणि एखादा माणूस तुमचे औषध टाकायला टोपली पुढे करील, तर ती टोपली घेऊन थेट पोलीस ठाणे गाठा.