दुसरं ताट

वजनकाट्यावर मालन घाटगे उभी राहिली तेव्हा दोन आकडे उमटले. वर एकशे सव्वीस, खाली त्रेचाळीस. सिस्टरनं दोन्ही लिहून घेतले आणि खालचा कुणाचा, असं विचारलं. ह्यांचा, मालन म्हणाली. तिचे यजमान दिगंबरराव वारले तेव्हा त्यांचं वजन तेवढंच भरलं होतं. सिस्टरनं मान डोलावली. मग तपासणी दोघांचीही होईल, एवढंच सांगून तिनं आतलं दार उघडलं.

मालन पोस्टात काउंटरवर बसायची. निवृत्तीला चार वर्षं होती आणि गुडघे आधीच गेले होते. एक जिना चढताना दोनदा थांबावं लागे. मुलगी बाळंतपणाला आली, तेव्हा नातीला घ्यायला मालनला मांडीच सापडेना. पोट गुडघ्यांपर्यंत आलेलं, बाळ त्यावरून घसरायचं. त्याच आठवड्यात तिनं पोट लहान करण्याच्या ऑपरेशनसाठी नाव घातलं. ऑपरेशनआधी मनाची तपासणी करावी लागते, म्हणून ती इथं आली होती. मुलगी बाळाला घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

डॉ. बिल्किस इनामदार पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं, रडू येतं का ते विचारलं, खाणं कधीपासून वाढलं तेही विचारलं. प्रत्येक उत्तराबरोबर समोरची भिंत वीतभर पुढे येत होती आणि टेबल मालनकडे सरकत होतं. डॉक्टर आपली खुर्ची तेवढीच पुढे घेत होत्या.

मालननं सगळं सांगितलं. दिगंबररावांना घशाचा कॅन्सर झाला, पोटात नळीतून दूध जाऊ लागलं. तरी दोन्ही वेळा ते आपलं ताट वाढायला लावत. आवाज गेला होता, म्हणून पाटीवर लिहीत, ‘तू जेव, मी बघतो.’ मालन आधी आपलं ताट संपवी, मग त्यांचं. भाताचा शेवटचा घास जाईपर्यंत ते बघत राहत आणि मग समाधानानं डोळे मिटत. आठ महिने असं चाललं. ते गेल्यावरही तिनं दुसरं ताट बंद केलं नाही. त्याला आता सहा वर्षं झाली.

"ते आत्ता ऐकताहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

डॉक्टरांनी कागद उलटला आणि पुढचा प्रश्न मालनच्या पोटाकडे बघून केला. ऑपरेशननंतर पोट मुठीएवढं उरेल, दोघांचं त्यात भागणार नाही. तुमची काही हरकत आहे का?

आतून आला तो आजाराआधीचा, भरदार आवाज.

"माझी नाही. तिला विचारा."

टेबलाची कड आता मालनच्या पोटात रुतली होती. "तुम्ही उपाशी गेलात," ती खाली बघत म्हणाली. "मी कशी थांबू?"

"मी जेवलोच नव्हतो, मालन. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तूच जेवत होतीस."

डॉक्टरांनी यातला शब्दन् शब्द लिहून घेतला. मालनला राग आला नाही. पोटात कुणी बसल्या जागेवरून उठावं तसं काहीतरी हललं, आणि दिगंबरराव टेबलापलीकडे उभे दिसले, अंगात इस्त्रीचा सदरा, गळ्याला पट्टी. भिंती इतक्या जवळ आल्या होत्या की दार वीतभरच रुंद उरलं होतं. ते तिरके झाले, अंग चोरून त्यातून बाहेर पडले, आणि पलीकडून त्यांनी एक हात आत घातला. मालननं तो धरला. हात गरम होता.

ऑपरेशनला मनाची तयारी आहे का, या शेवटच्या रकान्यावर डॉक्टर पेन टेकवून बसल्या होत्या.

"मालनताई, मी काय लिहू?"

दार मनगटाएवढं उरलं होतं आणि अजून मिटत होतं. मालननं हात सोडला नव्हता.