आप्पाची खिंड

हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून कुणावर ओरडले नव्हते. साठलेलं सगळं त्यांनी त्या सकाळी आप्पाच्या दारात रिकामं केलं. त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात अर्धा कोबी.

"हे कुणाचं काम?" कोबी आप्पाच्या नाकाशी धरून त्यांनी विचारलं.

आप्पानं कोबी फिरवून बघितला. "पुढारिणीचं," तो म्हणाला. "डाव्या बाजूनं खाते ती."

"म्हणजे कबूल!"

"कबूल काय, मास्तर, मी तिथंच उभा होतो. बोलावत होतो तिला. ती येईना."

हे खरं होतं, आणि गावाला नवल वाटत होतं ते ह्याचंच. आप्पा तीस वर्षं गावाच्या शेळ्या राखतोय. सध्या त्रेचाळीस आहेत. काठी नाही, कुत्रा नाही. वरच्या पुढच्या दोन दातांत एक फट, एवढंच त्याचं हत्यार. त्या फटीमुळं सगळं गाव त्याला खिंडआप्पा म्हणतं. खिंडीतून तो शिट्टी घालायचा, आणि ती अशी की टेकडीपलीकडच्या शेळीनं तोंडातला पाला टाकून माघारी फिरावं. पुढारीण ही कळपातली म्हातारी काळी शेळी. शिट्टी झाली की आधी ती दोन्ही कान उभे करणार, मग वळणार, मग बाकीच्या बेचाळीस तिच्यामागं. बाकीच्यांना स्वतःचं मत नाही.

तर झालं होतं असं. चार दिवसांपूर्वी आप्पाचा दात दुखायला लागला. नेमका खिंडीच्या उजव्या काठाचा. दोन दिवस त्यानं मिठाच्या गुळण्या केल्या. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "कण्हताय तुम्ही आणि जागी राहतेय मी. एकतर त्या दाताचं काहीतरी करा, नाहीतर मला माहेरी सोडा."

माहेर त्याच गल्लीत, चार घरं पलीकडं. तिथूनही तिचं बोलणं तेवढंच ऐकू आलं असतं. आप्पा मुकाट्यानं बसनं बाजारगावाला, दातांच्या डॉक्टरकडं गेला.

डॉक्टर तरुण होता, दवाखाना नवा होता आणि त्याचे हात शिवशिवत होते. त्यानं इंजेक्शन दिलं, कीड कोरून काढली, दात भरला. भरायचा मसाला थोडा उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून त्यानं खिंडही बुजवून टाकली. आप्पाच्या तोंडात तेव्हा कापूस, नळी आणि डॉक्टरची तीन बोटं होती. तो "आं! आं!" म्हणाला. डॉक्टर म्हणाला, "आभार कसले त्यात! ही माझ्याकडून भेट."

घरी आल्यावर बायकोनं त्याच्याकडं बघितलं आणि पदर सावरला. परका माणूस वाटला तिला. मग ओळख पटली तशी ती एवढी हरखली की ओठाचा बधिरपणा जायच्या आत त्याला फोटोवाल्याकडं घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर आप्पानं जीभ दातांना लावली आणि फुंकर मारली. फूऽऽस. सायकलच्या ट्यूबमधून हवा गेल्यासारखं. त्रेचाळीस शेळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. पुढारिणीनं घटकाभर विचार केला आणि ती उतार धरून सरळ हेडमास्तरांच्या कोबीत गेली.

"हे बघ आप्पा," हेडमास्तरांचा आवाज आता जरा खाली आला होता, "मी गावाशी बोलून आलोय. परवा सकाळी सगळ्यांसमोर एका शिट्टीत शेळ्या वळवून दाखव. नाही वळल्या तर कळप तुझ्या मेहुण्याकडं जाईल."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तोच चार घरं पलीकडचा. कळपावर त्याचा डोळा जुना. त्यानं त्याच दुपारी लाल दोरीची स्टीलची शिट्टी आणली आणि गळ्यात घालून गल्लीतून तीन चकरा मारल्या.

आप्पा ओट्यावर बसून राहिला. त्याला जमीन नव्हती, दुसरं काम येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शेळ्या सोडून दुसऱ्या कुणाशी काय बोलावं हे त्याला फारसं सुचतही नसे.

त्यानं करून बघितलं सगळं. दोन बोटं तोंडात घालून फुंकलं, नुसती थुंकी आली. बाटलीत फुंकलं, शेजारचं तान्हं पोर रडायला लागलं. इतक्यात आत चुलीवर कुकर वाजला आणि अंगणातल्या कळपातून अकरा शेळ्या धडाधड स्वयंपाकघरात शिरल्या.

"बघा!" बायको म्हणाली. "माझं ऐकतात."

"कुकरचं ऐकतात."

"मग न्या कुकर टेकडीवर."

आप्पानं यावर खरंच विचार केला. "वाऱ्यात चूल पेटायची नाही तिथं. आणि रोज डाळ शिजवायची शेळ्या वळवायला?"

"मी बांधून देईन डाळ."

"अगं, पण अकराच आल्या. बत्तीस शेळ्यांना तुझी डाळ पसंत नाही."

त्या बत्तिसांत पुढारीण होती. म्हणजे कुकर बाद.

दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा बाजारगावाला निघाला, ते पुढारिणीला घेऊनच.

"तिला कशाला?" बायको ओरडली.

"फट केवढी होती ते मला कुठं माहीत? माझ्याच तोंडात होती, मी कधी बघितली? तिला पक्कं माहीत आहे."

दवाखान्यात पाच पेशंट आपापले गाल धरून बसले होते. आप्पा बाकावर बसला, पुढारीण त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं दात कसे घासावेत हे सांगणारा कागद भिंतीवरून काढून खायला घेतला. नोंद करणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"पुढारीण."

"कुठला दात दुखतो?"

"तिचा नाही, माझा. म्हणजे माझाही दुखत नाही."

बाईंनी मान वर केली आणि डॉक्टरला बोलावलं.

"अरे वा, आप्पा! हसा बघू!" डॉक्टर खुशीत आला.

"हसण्यासारखं काही राहिलं नाही, साहेब. फट परत पाडून द्या."

"लोक माझ्याकडं लांबून फट बुजवायला येतात!"

"मी लांबून पाडायला आलोय. शेळी घेऊन आलोय."

आप्पानं सगळं सांगितलं. डॉक्टरनं ऐकून घेतलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण सवयीनं त्यानं पुढारिणीचा ओठ वर केला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हिचे वरचे पुढचे दात कुणी काढले?"

"शेळीला नसतातच ते."

"कुठल्याच शेळीला?"

"माझ्याकडच्या त्रेचाळिसांत एकीलाही नाहीत."

डॉक्टरनं बोटांवर हिशोब केला. एवढी जनावरं, एवढे दात नाहीत, आणि एकही दवाखान्यात आलेली नाही. "मग यांचं चालतं कसं?"

"हेडमास्तरांना विचारा," आप्पा म्हणाला.

त्यानंतर मात्र डॉक्टरच इरेला पेटला. पुढारिणीला रस्त्यापलीकडं झाडाखाली मोकळं सोडलं. पाचही पेशंट खिडकीला लागले. आप्पा खुर्चीत आडवा झाला आणि डॉक्टरनं कानशीचं यंत्र सुरू केलं. घर्रर्र.

"फुंका."

फूस.

"काही नाही!" खिडकीतून गाल सुजलेला पेशंट ओरडला. "सायकलची सीट खातीय!"

घर्रर्र. "फुंका."

फुई.

"कान हलला!"

"कुठला?" डॉक्टर ओरडला.

"डावा!"

"आणि उजवा?"

"उजव्यावर माशी बसलीय, सांगता येत नाही!"

"माशी उठू द्या," डॉक्टर म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "बाई, कुणाला आत सोडू नका. आप्पा, घाई करायची नाही. एक केसभर अजून."

माशी उठेपर्यंत सगळे थांबले. मग घर्र, अगदी हलकेच. आप्पानं चूळ भरली, जीभ दातांना लावली, डोळे मिटले आणि फुंकर मारली.

ट्रेमधली हत्यारं वाजली. पाण्याच्या ग्लासात तरंग उठले. खिडकीतून पाचही जण एकदम ओरडले, "दोन्ही! दोन्ही!" पुढारिणीनं सीट सोडली, रस्ता ओलांडला, जिना चढला आणि ती आत येऊन पुढचे दोन पाय खुर्चीच्या हातावर ठेवून उभी राहिली. गाल सुजलेल्या पेशंटनं टाळ्या वाजवल्या आणि मग एकदम आठवल्यासारखा गाल धरला.

डॉक्टरनं फट मोजली आणि आप्पाच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं : पुन्हा बुजवू नये.

घरी बायको त्याचं तोंड बघून मटकन खाली बसली. "शेळ्यांसाठी तोंड फोडून आलात?"

"फोडून नाही, घासून."

फोटो आला होता, तो तिनं समोरच्या भिंतीवर टांगला. कुणी विचारलं, हे कोण, की ती सांगते, "आमच्याकडं दोन दिवस राहून गेले."

ठरल्या दिवशी सकाळी गाव टेकडीखाली जमलं. वारा कोरडा होता. नांगरलेल्या रानातली धूळ उठून डोळ्यांत जात होती. शेळ्या वर झुडपांत पांगल्या होत्या. हेडमास्तर कोबीच्या वाफ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे होते.

"आधी मी," मेहुणा म्हणाला. त्यानं छाती फुगवली आणि स्टीलची शिट्टी फुंकली. गावातली दोन कुत्री आली. शेळ्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्यानं पुन्हा फुंकली, तोंड लाल होईपर्यंत. कुत्री बसली.

"झालं?" हेडमास्तरांनी विचारलं. "आप्पा, चल. लक्षात ठेव, एकदाच."

आप्पानं ओठ पुसले. त्यानं पुढारिणीकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती.

मग त्यानं शिट्टी घातली.

वर झुडपांत दोन काळे कान उभे राहिले. पुढारीण वळली. तिच्यामागं बेचाळीस शेळ्या दगडगोटे उडवत उतारावरून खाली आल्या आणि आप्पाभोवती गोळा झाल्या. हेडमास्तरांनी हात खाली घेतले. कोबीचं एक पानही हललं नव्हतं.

सगळे आप्पाकडं बघत होते, म्हणून मेहुण्याकडं लक्ष जरा उशिरा गेलं. तोही जागेवर नव्हता. तो कळपात, आप्पापासून हातभर अंतरावर येऊन उभा होता.

"तू कशाला आलास रे?" बहिणीनं विचारलं. चार लोकांत ती पहिल्यांदाच हसली.

मेहुण्यानं आधी स्वतःच्या पायांकडं बघितलं, मग आप्पाकडं. लहानपणी तो सहा वर्षं आप्पाच्या मागं मागं ह्याच टेकडीवर हिंडला होता.

"काय माहीत," तो म्हणाला. "आपोआप आलो."

पुढारिणीनं त्याला जरा जागा करून दिली.