वाऱ्याकडचा कोपरा

आउसांगाते डोंगराचा वारा असा हरामखोर, की एकदा त्याने भर वरातीत नवरीचा घागरा उडवला आणि पलीकडच्या खोऱ्यात एका म्हाताऱ्या विधुराच्या दारात नेऊन टाकला. घागरा आलाय तर मागून बाई पण येईल, म्हणून म्हातारा अजून दार उघडं ठेवून बसलाय म्हणतात. घागऱ्याची ही गत, तर ताडपत्रीची काय? म्हणून तर रविवारच्या बाजारात तोरिबिया दोऱ्यांच्या ढिगापाशी उकिडवी बसली होती आणि जावई निवडावा तशी एकेक दोरी डोळ्यांपुढे धरून पारखत होती.

तिला कारणही तसंच होतं. वरच्या कुरणातली तिची दगडी खोपी दरड कोसळून गेली, आणि गेल्या वर्षी तिच्या अल्पाका, ती लांब मानेची लोकरीची जनावरं, व्यायला लागल्या तेव्हा पिल्लांच्या डोक्यावर ताडपत्रीशिवाय काही नव्हतं. ताडपत्री ताणली होती तिने स्वतः वळलेल्या लोकरीच्या दोराने. पावसाने दोर भिजला, सैल पडला, ताडपत्रीला पोट सुटलं, त्या पोटात गारा साचल्या आणि मधल्या काठीसकट सगळा भार पिल्लांवर येऊन बसला. एकही पिल्लू वाचलं नाही. यंदाही तसंच झालं, तर उरलेला कळप विकायचा आणि कुस्को शहरात जाऊन लोकांची भांडी घासायची, एवढंच तिच्या हातात होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरंबाळं नव्हती. होता तो एक धाकटा भाऊ, सेल्सो, आणि तो तिच्या मागे उभा राहून भाजलेला मका चावत होता.

"हा निळा घे की," दोऱ्या विकणारी ओबदुलिया म्हणाली. "स्वस्त आणि मस्त."

"प्लास्टिकचा आहे तो. उन्हात भुगा होतो त्याचा. माझ्या जावेने कुंपणाला बांधला होता, मेंढी शिंकली तर तुटला."

"मग हा नायलॉनचा बघ. दोन बैलांनी ओढला तरी तुटायचा नाही."

"आणि भिजल्यावर?"

"भिजल्यावर थोडा सैल पडतो." ओबदुलियाने खांदे उडवले. "माझा नवरा तर कोरडा असताना पण सैल असतो, मी काही त्याला टाकून दिला नाही."

"तू त्याच्याखाली पिल्लं नाही ठेवत," तोरिबिया म्हणाली, आणि सेल्सोच्या तोंडातला मका नाकात गेला.

मग ओबदुलियाने फडक्याखालून एक पांढरी गुंडाळी काढली. सुतळीपेक्षाही बारीक, आणि इतकी हलकी की तोरिबियाने हातात घेतली तरी हात रिकामाच वाटला. तिने दोरी थुंकीने भिजवली, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून मागे रेलून ओढली. तसूभर ताणली गेली नाही.

"बघितलंस अक्का?" सेल्सो म्हणाला. "गोऱ्यांचे तंबू असल्याच दोऱ्यांवर उभे असतात. मी काय कमी बघितलेत? वारा येतो, नमस्कार करतो आणि निघून जातो."

सेल्सो चार हंगाम डोंगर चढणाऱ्या परदेशी लोकांबरोबर स्वयंपाकी म्हणून जात होता, आणि तेवढ्यावर तो जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल बोलायचा.

हलकं असण्याचं महत्त्व तोरिबियाला कोणी सांगायची गरज नव्हती. वर कुरणात सामान जायचं ते लामावर, अल्पाकाच्या थोरल्या चुलतभावावर, आणि त्याच्या पाठीवर एक बटाटा जास्त पडला तरी तो खाली बसतो. तिच्या आजोबांचा एक लामा तर असा रुसून बसला होता की त्याच्या भोवती गवत वाढलं, पक्ष्याने त्याच्या पाठीवर अंडी घातली, पिल्लं उडून गेली, तेव्हा कुठे साहेब उठले. लोकरीचा ओला दोर म्हणजे अर्ध्या लामाचं ओझं. ही गुंडाळी तर तिच्या टोपीत मावली असती.

"एक सांगते हं तोरिबिया," ओबदुलिया दोरी मोजून कापताना म्हणाली. "ही भारी निसरडी असते. हिला गाठ मारताना…"

"गाठ मला शिकवू नकोस, बाई. तुझ्या आईच्या घागऱ्याला नाडी लागायच्या आधीपासून आमच्यात गाठी मारतात."

ओबदुलिया हसली आणि दोरी कापत राहिली. लामावाल्याला गाठ शिकवायची म्हणजे माशाला पोहणं शिकवायचं, हे त्या बाजारात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्यांची गाठ एकच. ओझ्याची. चालता चालता, न बघता, एका हाताने पडते आणि एका झटक्यात सुटते, कारण कड्यावर लामाचा पाय घसरला तर ओझं जाऊ द्यायचं आणि जनावर वाचवायचं. लोकरीच्या दोरात ती कुत्र्यासारखे दात रोवते. लोकरीची कुसळं एकमेकांत अडकतात ना, म्हणून. तोरिबियाने तो विचार कधी केला नव्हता. चालताना कोण विचार करतं की गुडघा कुठल्या बाजूला वाकतो?

दोघं वर गेली. जुना दोर घरीच ठेवला, जड म्हणून. ताडपत्री ताणली, चार कोपऱ्यांना पांढरी दोरी लावली आणि जमीन दगडासारखी घट्ट म्हणून प्रत्येक दोरी धोंड्याला बांधली. ताडपत्री अशी ताठ बसली की सेल्सोने तिच्यावर बोटांनी ढोल वाजवून दाखवला. तोरिबियाने डोंगरदेवाचा मान म्हणून कोकाची पानं डोंगराकडे तोंड करून फुंकली, उरलेली तोंडात टाकली, आणि कित्येक महिन्यांनी निवांत चघळत बसली.

अल्पाका सकाळी वितात. ऊन असताना पिल्लू पडावं आणि संध्याकाळच्या आत वाळावं, एवढी अक्कल त्यांना देवाने दिलीय. त्या दिवशी सकाळी पाच-सहा जणी एकदम व्याल्या आणि पिल्लं अजून शेंबडासारखी ओली असतानाच आउसांगातेच्या मागून काळं आलं. आधी गारा. मग बर्फ, ओला, जाड, आडवा. दोघांनी पिल्लं काखेत मारून ताडपत्रीखाली आणली. आया मागोमाग शिरल्या.

तोरिबिया कोरड्या लोकरीने पहिलं पिल्लू घासत होती, तेवढ्यात वाऱ्याकडचा कोपरा फाडकन वर उडाला.

"दोरी तुटली," ती ओरडली.

सेल्सो बाहेर धावला. "तुटली नाही अक्का. सुटली."

"मग बांध."

त्याने बांधली. थोड्या वेळाने परत सुटली. बाकीचे तीन कोपरे वाऱ्याआड होते, ते टिकले होते. आता तोरिबिया स्वतः गेली, जोर लावून गाठ आवळली, आणि तिथेच उभी राहून बघत राहिली. वाऱ्याने ताडपत्री हलायची, दोरी थरथरायची, आणि प्रत्येक थरथरीबरोबर गाठीतून दोरीचं टोक थोडं थोडं आत सरकायचं, बिळात शिरणाऱ्या उंदराच्या शेपटीसारखं. मग गाठ नव्हतीच कधी अशी दोरी मोकळी झाली.

तिला सगळं कळलं. ओबदुलियाचं अर्धं राहिलेलं वाक्यही कळलं.

"सेल्सो, गोरे लोक कशी बांधायचे ही?"

सेल्सो दोरीचं टोक बोटांत फिरवत राहिला.

"अरे, चार हंगाम होतास ना?"

"मी सूप ढवळायचो, अक्का," तो म्हणाला. "तंबू दुसरेच बांधायचे."

तिने दोन गाठी एकावर एक मारून बघितल्या, धोंड्याला जास्तीचे वेढे देऊन बघितले, तेही सरकले. बोटं बधिर, दोरी बर्फाने गुळगुळीत, आणि हात दर वेळी तीच जुनी गाठ मारायचे. ती त्यांना वेगळं सांगायची, ते ऐकायचे नाहीत. आत एक पिल्लू बारीक आवाजात ओरडायला लागलं.

"तू आत जा," सेल्सो म्हणाला. तो दोन धोंड्यांच्या बेचक्यात पाय रोवून बसला, पाठ एका धोंड्याला लावली आणि दोरी कमरेभोवती, मग मनगटाभोवती गुंडाळून घेतली. "मला घासता येत नाही पिल्लं. बसता येतं. बसण्यात माझा हात कोण धरेल?"

"वेडा आहेस का? किती वेळ बसशील?"

"आजोबांच्या लामाएवढा तरी बसेन. पक्ष्याने अंडी घातली की हाक मारतो. दारू तेवढी दे."

तिने उसाच्या दारूची बाटली त्याला दिली आणि आत गेली.

ताडपत्री ताठ झाली. तिने एक पिल्लू वाळवलं, आईच्या पोटाशी लावलं, दुसरं घेतलं. मध्येच ती हाक मारायची.

"सेल्सो, आहेस का?"

"नाही, नाचायला गेलोय."

मग जरा वेळाने, "सेल्सो, अदलाबदल करू या?"

"सोडली तर जाईल गं. राहू दे. पिल्लं बघ."

त्यानंतर एकदा तो म्हणाला, "अक्का, आता थंडी वाजत नाही." तोरिबियाचा घासता हात थांबला, कारण गारठून जाणारा माणूस शेवटी हेच म्हणतो, हे डोंगरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिच्या मांडीवर एक पिल्लू होतं, त्याचे पाय अजून सरळ होत नव्हते आणि वरची ताडपत्री आणखी एकदा फडफडली असती तर तेही गेलं असतं. ती म्हणाली, "झोपू नकोस रे मेल्या. बोलत राहा." तो काहीतरी बोलला. सुपाबद्दल होतं.

मग बोलला नाही.

तिच्याजवळ एकच कोरडं कांबळं होतं. ते घेऊन ती बाहेर आली. सेल्सो तसाच बसला होता, मान जरा खाली, मांडीवर बर्फ साचलेला. बाटली बाजूला पडली होती. तिने त्याच्या गालाला हात लावला, मग नाकाखाली बोट धरलं, मग शर्टात हात घालून बराच वेळ थांबली.

वारा कमी झाला नव्हता. दोरी त्याच्या कमरेपासून ताडपत्रीपर्यंत ताठ होती आणि गुणगुणत होती. त्याला उचलायचं, आत घ्यायचं, निदान डोळे मिटवून आडवं करायचं, तर आधी दोरी सोडायला हवी होती. चाकू तिच्या कमरेलाच होता.

आतून पिल्लू ओरडलं. त्याची आईही गळ्यातून हुंकारली.

तोरिबियाने दोरीला बोट लावून ताण बघितला. सेल्सो पुढे ओढला जाऊ नये म्हणून त्याच्या पायांपुढे दोन धोंडे आणखी सरकवले, त्याच्या मनगटावरचा वेढा घसरत नाही ना ते बघितलं, आणि कांबळं त्याच्या खांद्यावर टाकलं. क्षणभर तशीच उभी राहिली. मग कांबळं परत काढून घेतलं, छातीशी धरून आत गेली आणि ओरडणाऱ्या पिल्लाला त्यात गुंडाळलं.

सूर्य कड्याआड जायच्या सुमाराला वारा पडला. पिल्लं जगली होती, सगळी. एक तर उभं राहून तिच्या झग्याची किनार चोखत होतं. तोरिबियाने त्याला बाजूला सारलं आणि बाहेर आली. भावापाशी खाली बसली, त्याच्या मनगटावरचा एकेक वेढा सोडवायला लागली.

"झालं रे," ती म्हणाली. "सोड आता."

खाली बाजारात आता सांगतात की सेल्सोने बसल्या जागेवरून वाऱ्याला असा धरला की वारा तीन दिवस रडत होता, आणि परदेशी लोकांचा एक अख्खा तंबू उडत आला तो त्याने दुसऱ्या हाताने झेलला. ओबदुलिया हे सांगताना पांढरी दोरी कापत असते, आणि आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी गाठ मारून दाखवायला लावते. तोरिबिया समोर असली तर सगळे तिच्याकडे बघतात, की आता ही काहीतरी भर घालेल.

"तसं काही नाही," ती म्हणते. "त्याला थंडी वाजत होती. कांबळं एकच होतं."