मी अडले तो दिवस

मी पोलादाची एक गोळी बोलतेय. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. जन्म बॉलबेअरिंगच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात, मार्गरीट सुरेटच्या चिमट्यात.

काम एकच. काचेच्या बारीक नळीत प्रथिनाचं पाणी भरून ती मला वर सोडायची आणि तळाशी पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायची. पाण्यात असायचं सशाच्या स्नायूतलं अ‍ॅक्टिन, म्हणजे पेशीला आकार देणारे धागे. ते सुटे असले की मी रेंगाळत का होईना, खाली जायचे.

अर्चिन नावाच्या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यांतून मार्गरीटनं एक प्रथिन वेगळं काढलं होतं. ते या धाग्यांना ओळखतं आणि एकमेकांशी बांधतं, असं तिचं म्हणणं. तिचे मार्गदर्शक डॉक्टर मॅकइचर्न यांना ते पटत नव्हतं.

"तीन वर्षं झाली, पोरी. मे महिन्यापर्यंत काही दिसलं नाही तर विषय बदल."

एप्रिलातल्या एका दुपारी तिनं अ‍ॅक्टिन आणि ते प्रथिन नळीत एकत्र केलं, थोडं थांबली आणि मला सोडलं. बोटभर उतरले आणि अडले. मला आजवर चिमट्यानं पकडलं होतं, चुंबकानं ओढलं होतं. इतक्या अलगद कुणी धरलं नव्हतं.

डॉक्टर कॉफीचा कप घेऊन आले. नळी तिरकी करून बघितली.

"अंड्याचा चिकटपणा असेल. चिकट ते कशालाही चिकटतं."

"मग कोंबडीच्या अंड्यातला पांढरा बलक घालून बघू?"

"बघ की."

त्यातून मी सरळ तळाशी गेले. मग तिनं आपलंच प्रथिन तापवून घातलं. तेव्हाही गेले. आकारच मोडला, तर धाग्याच्या खाचेत ते बसणार कसं? शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ताजं प्रथिन घातलं. मी पुन्हा अडले.

ते स्टुलावर बसले. "तीन वर्षं मी तुला चुकीचं सांगत होतो."

"रोज सांगत होतात."

"रोज," ते म्हणाले आणि गार कॉफी पिऊन टाकली.

आता धागे कसे जोडले जातात ते उजेड टाकून मोजणाऱ्या यंत्रात दिसतं, त्याला गोळी लागत नाही. मार्गरीट गेल्या वर्षी निवृत्त झाली. मी एका कुपीत आहे, आणि कुपी टाकायच्या सामानात.

टाका, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी एकदा ती दोन प्रथिनं एकत्र करा आणि मला वरून सोडा. घड्याळ लावू नका.