वर्तुळाबाहेरचा प्रकाश

संगणकाच्या पडद्यावर मोजणीसाठी आखलेल्या हिरव्या वर्तुळात ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ठिपके होते, पण मधोमध नव्हते. ते खालच्या कडेला दाटले होते आणि बरेचसे कड ओलांडून बाहेर सांडले होते. छपाईला पाठवलेल्या संशोधनाच्या पेपरात मात्र नेमकं त्या कडेपाशीच चित्र कापलेलं होतं.

हे दिसल्यापासून ती रोज तेच मूळ चित्र पुन्हा उघडून बघत होती. पेपरचा दावा असा होता, की हा आपल्या शेजारचा तरुण तारा एकाएकी शांत झाला, त्याचे क्ष-किरण काही वर्षांत निम्म्यावर आले. पेपरावर नावं दोनच. एक तिचं, दुसरं भाऊजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. त्यांची कायमची नेमणूक या पेपरावर अडली होती. ताईने तर नव्या घराच्या पडद्यांचा रंगही ठरवून टाकला होता.

जवळचे तारे आभाळात वर्षागणिक किंचित सरकतात. वर्तुळ जुन्या जागीच ठेवलं, तर तारा त्यातून हळूच निसटतो आणि मंद झाल्यासारखा वाटतो. ही चूक नवशिके करतात. भाऊजींचे केस याच कामात पिकले होते.

ते चहाचे दोन कप घेऊन आले आणि त्यांनी पायानेच दार लोटून घेतलं. एरवी ते खोलीचं दार सताड उघडं ठेवत.

"मेव्हणीबाई, इतकं टक लावून बघू नका. दृष्ट लागेल बिचाऱ्याला."

"भाऊजी, थोडा प्रकाश वर्तुळाबाहेर पडतोय."

"तू ना, दुधातसुद्धा खडे शोधशील."

"पुन्हा मोजून बघू का?"

"कशाला? दक्षिणेला जरासा सरकलाय तारा. त्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

तिने कप खाली ठेवला. तारा सरकल्याचं ती बोलली नव्हती, दिशा तर नाहीच. पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. म्हणजे ही चूक नव्हती, त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

त्यांच्याही ते ध्यानात आलं. चहावरची साय ते चमच्याने उगाच बाजूला सारत राहिले.

"तुझ्या ताईला काय सांगू मी?"

याच प्रश्नाने तिचं तोंड इतके दिवस शिवून ठेवलं होतं.

"खरं ते सांगा," ती म्हणाली. "पेपर मागे घ्यायचा. संपादकांना मी आत्ताच कळवते."